कोऱ्या कागदांवरच्या सह्या

कोशिरे मळा, नाशिक
१२ मार्च १९९७

चि. झुंबरभाऊजी यांस छायावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तार मिळालीच असेल, तरी माझ्या हाताने लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. भाऊजी, तुमची वहिनी नगरसेविका झाली! वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला तेव्हा तुमचे दादा आठ दिवस धड जेवले नव्हते. किती वर्षांची त्यांची तयारी, आणि ऐन वेळी चिठ्ठी उलटी पडली. नवव्या दिवशी येऊन म्हणाले, "छाया, ह्या फॉर्मवर सही कर." मला वाटलं रेशनचा फॉर्म असेल. केली सही आणि पुन्हा मेथीच्या जुड्या बांधायला बसले. आता बोला!

परवा पहिली सभा झाली. मागच्या बाकावर बसले होते. माइकचं बटण कुठे असतं ते शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण मी मनाशी एक काम धरलंय आणि ते झाल्याशिवाय खुर्ची सोडणार नाही. आपल्या मळ्यात प्रसूतिगृह आणायचं.

दोन वर्षांपूर्वी मालनच्या बाळंतपणाच्या वेळी तुम्ही जोधपूरला होतात, तुम्ही पाहिलं नाही. मी फ्लॉवरच्या गोण्यांवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. टेम्पो चिखलात रुतला, माणसं ढकलत होती. सिव्हिलला पोचेपर्यंत तुमची पोर गेली होती. तिला मी माझ्या पदरात गुंडाळून परत आणलं. ते ओझं अजून हाताला जाणवतं.

पालिका म्हणते, दवाखाना देऊ, जागा दाखवा. तुम्ही मागच्या रजेत म्हणाला होतात, "वहिनी, निवडून आलात तर माझ्या वाटणीचा रस्त्याकडचा तुकडा घ्या." तेव्हा आपण हसलो होतो. आता खरंच विचारते, द्याल का?

तुम्ही जाताना सह्या करून दिलेले पाच कोरे कागद माझ्या कपाटात आहेत. त्यातला एक विजेच्या मोटारीच्या अर्जाला वापरला, चार शिल्लक आहेत.

तुमची वहिनी,
छाया


५६ एपीओ
४ एप्रिल १९९७

तीर्थस्वरूप छायावहिनी यांस झुंबरचा साष्टांग नमस्कार.

नगरसेविकाबाई, आता तुम्हाला नुसतं वहिनी म्हणायचं की कसं? आमच्या तुकडीत मी सगळ्यांना पेढे वाटले. एक बिहारी सुभेदार विचारतो, "भाभी कॉर्पोरेटर है तो तू इधर क्यों मर रहा है?" 

जागा दिली. त्यात विचार कसला? तो तुकडा सातबाऱ्यावर दादाच्या आणि माझ्या नावे एकत्र असला तरी वडिलांनी चार माणसांदेखत माझ्या वाटणीला दिलाय, आणि दादाने कधी शब्द फिरवला नाही. रस्त्याकडचा आहे, रिक्षा दारापर्यंत येईल. फक्त एक अट लिहा, तिथे प्रसूतिगृहच होईल, दुसरं काही नाही.

कोऱ्या कागदांचं म्हणाल तर आम्हा फौजी लोकांची ती रीतच आहे. आमची रजा आणि सरकारी कचेरीचा दिवस कधी जुळत नाही. मी पोचतो तेव्हा साहेब दौऱ्यावर, साहेब येतात तेव्हा मी गाडीत. म्हणून निघताना सही करून ठेवायची आणि घरच्यांनी वर काय हवं ते लिहायचं. काही जण बायकोपाशी ठेवतात. मालनला वाचता येत नाही, तिच्यापाशी ठेवून उपयोग काय? तुम्ही दहावी झालात, आणि तुमच्या हातात माझी मान दिली तरी मला झोप लागते. एक कागद घ्या आणि संमती लिहून टाका.

हे पत्र मालनला वाचून दाखवा. मुलीचं ती माझ्यापाशी कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. दवाखान्याचं ऐकून काय म्हणते ते मात्र मला कळवा.

आपला,
झुंबर


सौ. छाया गोटीराम कोशिरे
नगरसेविका
२२ ऑगस्ट १९९८

चि. झुंबरभाऊजी यांस आशीर्वाद.

वर छापलेलं नाव पाहिलंत ना? तुमच्या दादांनी छापून आणलं. मी म्हटलं घरच्या पत्राला हे कशाला, तर म्हणाले, कागद वाया जातो का. राहू दे.

सोबत 'वॉर्डाची खबरबात' पाठवते. दर चार-सहा महिन्यांनी मी लोकांना असं पत्रक काढून काय झालं, काय राहिलं ते कळवते. हे चौथं. तुम्हीही वॉर्डातले रहिवासी, तेव्हा तुम्हाला प्रत्येक अंक पाठवीन. मळ्यात एकोणीस दिवे लागले. गटाराची पाइपलाइन गोजराबाईच्या गोठ्यापर्यंत आली आणि तिथे अडली, कारण म्हैस पाइपवर बसते आणि गोजराबाई म्हशीला उठवत नाही. रस्ता तर असा रुंद होणार आहे की तुम्ही ओळखणार नाही. दोन ट्रक आरामात जातील. त्यासाठी मी तीन सभा भांडले, आणि आता माइकचं बटण मला बरोबर सापडतं.

साक्षरता वर्गही सुरू केलाय, दुपारी समाजमंदिरात. मालन यायला तयार नव्हती. म्हणाली, "आता शिकून मी काय कलेक्टर होनार हाय?" मी हात धरून बसवली. आता तीच सगळ्यात पुढे बसते.

आता मुख्य बातमी. प्रसूतिगृहाचा ठराव महासभेत पास झाला. दहा खाटा, एक डॉक्टरीण, दोन नर्सा. तुमची संमती दुसऱ्या कागदावर लिहून मी स्वतः नेऊन दिली. त्या दिवशी मालनला ठराव वाचून दाखवला. नंतर बघते तर एकटीच त्या तुकड्यात जाऊन दगडं वेचत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "आपलं काम सोपं नको का व्हायला त्यांचं?"

तुमची वहिनी,
छाया


५६ एपीओ
१८ मे १९९९

ती. वहिनी यांस नमस्कार.

घाईत लिहितो. आम्ही हललो आहोत, कुठे ते लिहिता येत नाही. रेडिओवर ऐकाल. काही दिवस पत्र आलं नाही तर आईला आणि मालनला सांभाळा. पत्रकं पाठवत राहा. इथे वाचायला दुसरं काही नाही, आणि गोजराबाईच्या म्हशीची गोष्ट सगळ्या तोफखान्याला पाठ झालीय.

तिकडे घरी काही झालं तरी तो दवाखाना थांबू देऊ नका.

झुंबर


सौ. छाया गोटीराम कोशिरे
नगरसेविका
९ सप्टेंबर १९९९

चि. झुंबरभाऊजी यांस आशीर्वाद.

तुमचं खुशालीचं कार्ड आलं आणि आई देव्हाऱ्यापुढून उठल्या. दोन महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मालन पेपर आणायची आणि मोठी अक्षरं लावत बसायची. जखमींची यादी ती बोट फिरवत वाचायची. कुणी मदत केलेली तिला चालत नव्हती.

वॉर्डातर्फे आम्ही जवानांच्या कुटुंबांचा सत्कार केला. तुमच्या वतीने आईंना शाल आणि नारळ दिला. हजारभर माणूस होतं. तुमचे दादा स्टेजवर रडले, मी पहिल्यांदाच पाहिलं त्यांना तसं.

रस्ता झाला. आता पाथर्डीपासूनच्या गाड्या आपल्या दारावरून जातात. जागेवर पायाचं काम चालू झालंय. मध्ये पालिकेला एक कागद द्यावा लागला, किरकोळ होता, त्यासाठी तुमची तिसरी सही वापरली. तुम्ही तिकडे होतात, विचारायला वेळ नव्हता. त्याची काळजी करू नका. दोन शिल्लक आहेत.

रजा मिळाली की या.

छाया


५६ एपीओ
११ जानेवारी २०००

ती. छायावहिनी यांस साष्टांग नमस्कार.

आठ दिवसांची रजा आठ तासांसारखी गेली. मी फार बोललो नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिकडून आल्यावर माणसाला बोलायला वेळ लागतो.

पण एक सांगतो. पायाजवळ तुम्ही मला नारळ दिलात आणि मालनला शेजारी उभं केलंत, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी परत आलो. माझ्याबरोबरची दोन पोरं परत आली नाहीत. मी का आलो, असं रोज वाटायचं. त्या खड्ड्याकडे बघून वाटलं, यासाठी आलो असेन. नारळ फोडला तेव्हा मालनने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तुम्ही पदर डोळ्याला लावलात, तेही मी पाहिलं.

रस्त्याच्या बाजूला खांब फार जवळजवळ घेतलेत. दहा-दहा फुटांवर एक. मला त्यातलं कळत नाही, पण बाळंतिणींच्या खोल्या इतक्या अरुंद कशा, असं गाडीत बसल्यावर मनात आलं. मग म्हटलं, प्रत्येकीला वेगळी खोली देणार असाल. वहिनीने विचार करूनच केलं असणार.

सातवं पत्रक मात्र मिळालं नाही. सहावं आलं, आणि कालच्या टपालात एकदम आठवं. आमचं टपाल बर्फात अडकतं, कुठेतरी गहाळ झालं असेल. एक प्रत पुन्हा पाठवा. मी सगळी ओळीने लावून ठेवलीत.

आपला,
झुंबर


सौ. छाया गोटीराम कोशिरे
नगरसेविका
३ एप्रिल २०००

चि. झुंबर यांस,

पत्र पावले. वॉर्डातील कामे प्रगतिपथावर आहेत. जलकुंभाचे काम पूर्ण झाले असून उद्यानाचे लवकरच हाती घेण्यात येईल. सातव्या पत्रकात छापखान्याकडून चुका राहिल्याने ते रद्द केले, प्रत शिल्लक नाही.

इमारतीच्या नकाशाबाबत तज्ज्ञांचा सल्ला घेतलेला आहे. आपण निश्चिंत असावे.

घरी सर्व खुशाल.

छाया कोशिरे


कोशिरे मळा
१६ जुलै २०००

मालनचा नमस्कार.

हे पत्र माझ्या हातचं हाय. कुणाकडून लिहून घेतलं नाय. वर्गातल्या पुतळाबाई मॅडम म्हणल्या, 'हाय'च्या जागी 'शे' लिहू नको, माहेरी सटाण्याला बोलती तसं इथं लिहायचं नसतं. म्हणून नाय लिहीत. पाकिटावर तुमचं नाव लिहायला लागलं. तोंडानं कधी घेतलं नाय, हातानं लिहिलं.

मला तुम्हाला एकच विचारायचं हाय. तुम्ही असं का केलं?

तुमच्या त्या जागंवर बारा शटर लागले. चपलांचं दुकान, मोबाइलचं, एक बेकरी. वरती हॉल होनार हाय लग्नाचा. मी म्हणलं दवाखाना वरती असंल. तिथं जमलेल्या बाया हसल्या. मग वर्गाच्या कपाटात सातवं पत्रक सापडलं, गठ्ठाच होता. मी वाचलं. चार दिवस लागले पण समदं वाचलं. त्यात लिहिलंय, जागामालक श्री. झुंबर कोशिरे यांनी १४ जून १९९९ च्या अर्जाद्वारे संमती मागे घेतल्याने प्रसूतिगृह दुसऱ्या वॉर्डात हलवण्यात आले आहे. संमती म्हणजे काय ते मॅडमला विचारलं.

मी वहिनीकडं गेले. त्यांनी कपाटातून झेरॉक्स काढून दाखवली. म्हणल्या, "मालन, पुरुषाचं मन फिरतं. लढाईत माणूस बदलतो. त्याला विचारू नको, दुखावंल." सही तुमचीच हाय. वाचता येत नव्हतं तवापास्नं मला तुमची सही वळखू येती, शेवटाला ती शेपटी वळवता ती.

तुम्ही माझ्या संगं नारळ फोडला. माझा हात तुमच्या हातावर होता. तवा तुम्हाला ठाव होतं?

मी तिथली दगडं वेचली होती.

मालन


५६ एपीओ
२ ऑगस्ट २०००

छायावहिनी,

नमस्कार लिहायला हात होत नाही.

मालनचं पत्र आलं. तिच्या आयुष्यातलं पहिलं पत्र, आणि त्यात तिने मला विचारलंय की असं का केलं. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

१४ जूनला मी कुठे होतो ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या तोफा द्रासच्या खाली लागल्या होत्या. त्या दिवशी मी अर्ज लिहीत नव्हतो, वहिनी. खांद्यावरून गोळे वाहत होतो, आणि दुपारी आमचा शिंगणे गेला. त्याच दिवशी तुम्ही माझ्या सहीच्या वर माझ्या तोंडचे शब्द लिहिलेत. केसाने गळा कापणं म्हणतात ते ऐकून होतो.

दादा करेल, हे मी समजू शकलो असतो. त्याचा जीव जमिनीत आहे. पण तुम्ही त्या टेम्पोत होतात. माझी मुलगी मी पाहिलीही नाही, तुम्ही तिला पदरात आणलीत. त्याच हाताने लिहिलंत? आणि माझ्याकडून दुकानांच्या पायावर नारळ फोडून घेतलात, डोळ्याला पदर लावलात. तो पदर कशासाठी होता, ते मला अजून कळत नाही.

जागा गेली ती गेली. मी कोर्टात जाणार नाही, भावावर फौजी भाऊ खटला घालतो हे आईला बघवणार नाही. मला दोनच गोष्टी हव्यात. एक, तुम्ही मालनसमोर बसून तिला सांगा की झुंबरने हे केलेलं नाही. दोन, पुढच्या पत्रकात तेच छापा. तुम्ही वॉर्डाला सगळं कळवता ना? हेही कळवा.

झुंबर


नाशिक
२८ ऑगस्ट २०००

झुंबरभाऊजी,

छापील कागदावर लिहीत नाही. हे पत्र तुमचे दादा बाजारात गेल्यावर लिहिते आहे.

तुम्ही विचारलंत, तर खरं सांगते. रस्ता मीच भांडून आणला, आणि त्या रस्त्याने घात केला. तो रुंद व्हायला लागला आणि तुमच्या तुकड्याकडे सगळ्यांची नजर गेली. पक्षातली माणसं घरी येऊन बसायला लागली. तुमचे दादा म्हणायचे, "असली मोक्याची जागा फुकट पालिकेला देणारा आपल्याच घरात निपजला." मी दोन महिने नाही म्हटलं. जेवण केलं, वाढलं, आणि नाही म्हटलं. मग मे महिना आला.

आता लिहिते ते वाचून तुम्ही मला कायमचं तोडाल, पण खोटं आता माझ्याने होत नाही. तुमचे दादा म्हणाले, "त्याचं तिकडे काही बरंवाईट झालं तर तो तुकडा मालनच्या नावाला लागेल. मूल ना बाळ. ती सटाण्याला माहेरी जाईल आणि तिचे भाऊ येऊन उभे राहतील. आत्ताच त्याच्या नावाने संमती काढून घे, ताबा आपल्याकडे राहू दे." मी ओरडले नाही. उठून गेले नाही. आई देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या, मालन पेपरात यादी वाचत होती, आणि मी आतल्या खोलीत तुमचा कागद पुढे घेऊन बसले होते. तुम्ही परत याल की नाही याचा हिशेब त्या घरात झाला भाऊजी, आणि मी तो ऐकून लिहायला घेतलं. अक्षर माझंच आहे.

माझी पहिली सही मी न वाचता केली होती. तुमच्या सहीवरचं हे मी समजून-उमजून लिहिलं, हाच फरक.

नारळाच्या दिवशी सांगणार होते. तुम्ही हसलात पहिल्यांदा, म्हणून तोंड उघडलं नाही. पदर खरा होता. त्याने काही बदलत नाही, ठाऊक आहे मला.

मालनला सांगा म्हणता. तीनदा तिच्या दारापर्यंत गेले. तिने "या वहिनी" म्हटलं की मी गटाराची, नळाची चौकशी करून परत येते. आणि पत्रकात छापणं माझ्या हातात नाही. मजकूर आता तुमचे दादाच देतात. पुढच्या निवडणुकीची तयारी आत्तापासून चालू आहे, खुल्या वॉर्डातून ते स्वतः उभे राहणार आहेत. मी छापलं तर घर मोडेल.

उरलेले दोन कागद सोबत परत पाठवते. हे पत्र वाचून जाळून टाका. एवढी एक भीक घाला.

छाया


५६ एपीओ
१५ सप्टेंबर २०००

प्रिय मालन,

तुला मी पत्र लिहितोय आणि ते तूच वाचणार आहेस, दुसरं कुणी मधे नाही. हे आधीच व्हायला हवं होतं.

सोबत वहिनीचं पत्र आहे. तिने जाळायला सांगितलं होतं. मी जाळलं नाही. सावकाश वाच, चार दिवस लागले तरी चालतील. मी तसं केलेलं नाही, मालन. मला खरंच ठाऊक नव्हतं.

माझ्या सहीचे दोन कोरे कागदही ठेवलेत. ते आता तुझ्यापाशी राहू देत. त्या पत्राचं काय करायचं तेही तूच ठरव.

तुझा,
झुंबर


कोशिरे मळा
१० नोव्हेंबर २०००

मालनचा नमस्कार.

वहिनीचं पत्र वाचलं. चार दिवस नाय लागले, एकाच बैठकीत वाचलं. मग परत वाचलं. 'मूल ना बाळ' तिथं थांबले थोडी.

तुम्ही केलं नाय, ते पटलं. तुम्हाला लय बोलले, ते मागं घेते.

मग मी ते पत्र घेऊन पालिकेत गेले. एकटी गेले. सिटी बसची पाटी वाचून चढले. तिथं मला तीन टेबलं फिरवलं. शेवटी एका साहेबानं फाइल काढली. मी वहिनीचं पत्र पुढं केलं. म्हणलं, बघा, हे त्यांनी लिहिलंच नव्हतं. त्यानं वाचलं. माणूस वाईट नव्हता, बसायला खुर्ची दिली. मग फाइलीतला अर्ज माझ्याकडं फिरवला आणि विचारलं, "बाई, ही सही कोणाची? तुमच्या मालकांचीच ना?"

मी हो म्हणलं, त्यांचीच हाय.

"मग झालं तर," म्हणला. "सही खरी असंल तर वरचं कुणी लिहिलं ते आम्ही बघत नाय. कोऱ्या कागदावर सही करायची नसती एवढं शिकलेल्या माणसाला कळत नाय का?" त्यानं पत्र मला परत दिलं.

घरी आले तर वहिनी दारात उभ्या. कुणीतरी सांगितलं असंल त्यांना. माझ्या हातात त्यांचं पत्र बघितलं. आत या म्हणलं नाय मी. त्याबी आल्या नाय. "मालन, जाळलं नाय का त्यांनी?" एवढंच विचारलं. मी म्हणलं, नाय. मग त्या गेल्या. वर्गाला आता मी जात नाय. मॅडम घरी येऊन शिकवते म्हणल्या.

परवा मळ्यातल्या सहादूच्या सुनेला कळा सुटल्या. रिक्षा मिळाली, रस्ता चांगला हाय, सिव्हिलला येळेवर पोचली. पोरगा झाला. वहिनीचा रस्ता हाय, हे बी लिहायला पायजे.

तुम्ही पाठवलेले दोन कागद याच पाकिटात परत पाठवते. मला नको. तवा मला वाचता येत नव्हतं म्हणून तुम्ही ते वहिनीपाशी ठेवले. त्या दहावी झाल्यात, म्हणून. पाचातला एक तरी माझ्यापाशी ठेवला असता तर मी तो कुणाला दिला नसता. आईला नाय, दादाला नाय, पालिकेला नाय. वाचता येत नव्हतं, तरी नसता दिला.

मालन